सतरा सुट्ट्या, चार याद्या

३१ मार्च २०२५, सोमवार, रमजान ईद. दिल्लीत केंद्र सरकारच्या कचेऱ्या बंद, नोएडात उत्तर प्रदेश सरकारच्याही बंद, आणि गुडगावात हरियाणा सरकारच्या कचेऱ्या चालू. हरियाणाने चार-पाच दिवस आधी अधिसूचना काढून ईदची सुट्टी राजपत्रित यादीतून उचलली आणि ऐच्छिक यादीत टाकली. कारण दिलं ते हिशेबाचं: २९ आणि ३० ला शनिवार-रविवार, ३१ ला आर्थिक वर्षाचा शेवट. म्हणजे एकाच घरात नवरा गुडगावच्या राज्य सरकारी कचेरीत आणि बायको दिल्लीत केंद्राच्या नोकरीत असेल, तर एकाने डबा घेऊन मेट्रो गाठली आणि दुसरीने शेजाऱ्यांकडे शीरखुर्मा खाल्ला.

दिल्ली आणि आसपासच्या या पट्ट्यात सुट्ट्यांच्या चार याद्या नांदतात: केंद्राची, दिल्ली सरकारची, उत्तर प्रदेशची, हरियाणाची. मेट्रोची एखादी गाडी दिल्लीची हद्द ओलांडून नोएडात किंवा गुडगावात जाते. वाद मात्र एकच, दरवर्षी तोच. देश धर्मनिरपेक्ष, मग सरकारी कॅलेंडरात एवढे देव कशाला? किंवा त्याचंच उलटं टोक: यांना एवढ्या सुट्ट्या, मग आमच्या कुठे गेल्या? माझी केंद्र सरकारची नोकरी दिल्लीत झाली. ही यादी दरवर्षी टेबलाच्या काचेखाली सरकवायची सवय होती. म्हणून सांगतो, भांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती नीट वाचलेली असते.

गैरसमज: धर्मनिरपेक्ष देशात धार्मिक सण सरकारी सुट्टी असूच शकत नाही

मग फ्रान्सचं काय करायचं? धर्म आणि राज्य यांची फारकत त्यांच्याइतकी काटेकोर फार थोड्यांनी केली आहे. तरी तिथल्या ११ राष्ट्रीय सुट्ट्यांपैकी ६ ख्रिस्ती सणांच्या आहेत. ईस्टरचा सोमवार आहे, मेरीच्या स्वर्गारोहणाचा दिवसही आहे. २००३ साली स्तासी आयोगाने शाळांना ज्यूंच्या योम किपूरची आणि मुसलमानांच्या बकरी ईदची सुट्टी द्यावी अशी शिफारस केली. सरकारने ती बाजूला ठेवली. अमेरिकेत नाताळ १८७० पासून संघराज्याची सुट्टी आहे. तिला न्यायालयात आव्हान मिळालं, ते टिकलं नाही. तुर्कस्तानने १९३५ मध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवारवरून रविवारवर नेली, पण दोन्ही ईदच्या सुट्ट्या ठेवल्या.

आपल्या राज्यघटनेत सुट्ट्यांबद्दल अवाक्षर नाही. ‘सेक्युलर’ हा शब्द उद्देशिकेत आला १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने. मराठी प्रतीत त्याचं ‘धर्मनिरपेक्ष’ झालं आणि हिंदी प्रतीत ‘पंथनिरपेक्ष’. दिल्लीत हा फरक हिंदी मित्र आवर्जून ऐकवतात, जणू सगळं उत्तर त्यातच आहे. सुट्ट्यांच्या यादीवर मात्र दोन्ही शब्दांचा काही परिणाम झालेला नाही. सार्वजनिक सुट्टीची व्याख्या ज्या कायद्यात आहे तो १८८१ चा आहे आणि त्याचा विषय हुंड्या आणि धनादेश हा आहे.

तो परक्राम्य संलेख अधिनियम, बँकवाल्यांच्या भाषेत ‘एनआय ॲक्ट’. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपली तर काय करायचं, हे सांगण्यासाठी कलम २५ मध्ये सार्वजनिक सुट्टीची व्याख्या करावी लागली. मूळ कलमात रविवार, नववर्षदिन, नाताळ आणि गुड फ्रायडे ही नावं छापलेली होती, बाकीचे दिवस सरकारने राजपत्रात जाहीर करायचे होते. स्वातंत्र्यानंतर ही तिन्ही नावं कलमातून गेली. आज कायद्यात नावाने उरला आहे तो फक्त रविवार. १ जानेवारीची रवानगी केंद्राच्या ऐच्छिक यादीत झाली आहे.

आणि रविवार तरी निव्वळ ख्रिस्ती कुठे राहिला? मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली ती नारायण मेघाजी लोखंड्यांनी काही वर्षं लावून धरली म्हणून. रविवार खंडोबाचा वार, हा युक्तिवाद त्यांच्या नावावर सांगितला जातो. साहेबाचा चर्चचा दिवस आणि जेजुरीचा वार एकाच तारखेला येतात, तिथे हा दिवस कुठल्या धर्माचा हे विचारून काय हाती लागणार?

गैरसमज: अल्पसंख्याकांना जास्त, बहुसंख्याकांना कमी

हा मोबाइलवरून सर्वांत जास्त फिरणारा हिशेब. गंमत अशी की आकडा खरा आहे, अर्थ खोटा. जरा सविस्तर पाहू.

केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना वर्षाला १७ राजपत्रित सुट्ट्या मिळतात. यादी कार्मिक विभाग काढतो. त्यांतल्या १४ देशभर सक्तीच्या. तीन राष्ट्रीय: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरल्या ११: दसरा, दिवाळी, बुद्धपौर्णिमा, महावीर जयंती, गुरू नानक जयंती, नाताळ, गुड फ्रायडे, रमजान ईद, बकरी ईद, मोहरम आणि ईद-ए-मिलाद. म्हणजे हिंदू सण दोनच. होळी नाही, रामनवमी नाही, जन्माष्टमी नाही. एवढंच चित्र कापून फिरवलं की कुणाचंही डोकं तापेल.

पण यादीला दुसरा भाग आहे. १२ नोंदींची आणखी एक यादी असते, तिच्यातून ३ सुट्ट्या निवडायच्या. दिल्लीबाहेर त्या त्या राज्याच्या राजधानीतली केंद्रीय कर्मचाऱ्यांची समन्वय समिती ही निवड करते. त्या १२ नोंदींत होळी, जन्माष्टमी, रामनवमी, महाशिवरात्र, गणेश चतुर्थी, मकर संक्रांत, रथयात्रा, ओणम, पोंगल, वसंतपंचमी आणि दसऱ्याचा जादा दिवस आहेत. बारावी नोंद तर वाचण्यासारखी आहे. विषू, वैशाखी, उगादी, चेटीचंड, गुढीपाडवा, नवरोज, छठ आणि करवा चौथ हे सगळे तिरप्या रेघा मारून एकाच ओळीत बसवले आहेत. पुण्याची गुढी आणि पंजाबी बाईचा चाळणीतून पाहिलेला चंद्र शेजारी शेजारी, फक्त इथेच.

दसरा-दिवाळी सोडली तर देशभरच्या हिंदूंचा मोठा सण कोणता, यावर एकमत होणं अवघड. भुवनेश्वरच्या माणसाला रथयात्रा हवी, कोचीच्याला ओणम, नागपूरच्याला पाडवा. म्हणून हे सण स्थानिक निवडीवर सोडलेले दिसतात. ईद किंवा नाताळ यांचा प्रदेशाप्रमाणे असा फाटा फुटत नाही, म्हणून ते सक्तीच्या यादीत बसले. दिल्लीत त्या तीन जागा होळी, जन्माष्टमी, महाशिवरात्र, रामनवमी यांतून भरतात. २०२५ मध्ये रामनवमी बाहेर राहिली. शिवाय राज्यांच्या याद्या वेगळ्याच. महाराष्ट्राच्या यादीत गुढीपाडवा, गणेश चतुर्थी, शिवजयंती, बलिप्रतिपदा आहेत आणि पारशी नववर्षही आहे.

ज्यांना कमी मिळतं ते खरं म्हणजे आपल्या गावाबाहेर राहणारे. दिल्लीतल्या केंद्रीय कचेरीत गणपतीची राजपत्रित सुट्टी नाही, आणि शिवजयंती १९ फेब्रुवारीला ऐच्छिक यादीत. ऐच्छिक म्हणजे आरएच. तीस-पस्तीस दिवसांच्या यादीतून प्रत्येकाने वर्षाला फक्त दोन घ्यायचे. मद्रासी, बंगाली, बिहारी सहकाऱ्यांची हीच कुचंबणा.

गैरसमज: सणाची तारीख पंडित-मौलवी सांगतात, सरकार मान हलवतं

हिंदू सणांच्या तारखांमागे हवामान विभागाचं एक केंद्र आहे, कोलकात्याचं पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटर. राष्ट्रीय पंचांग तेच काढतं. याची मुळं १९५२ च्या पंचांग सुधारणा समितीत आहेत. त्या वेळी देशात तीसेक पंचांगं चालत होती आणि एकच सण दोन-दोन दिवशी होत होता. समितीचे अध्यक्ष भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा. सदस्यांत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी, ‘केसरी’चे संपादक राहिलेले ज. स. करंदीकर आणि उज्जैनचे वैद्य. सातांत तीन मराठी आडनावं, आणि आपल्याकडे ही गोष्ट कुणी सांगत नाही! समितीचा अहवाल १९५५ चा, राष्ट्रीय पंचांग लागू झालं २२ मार्च १९५७ ला.

चंद्रदर्शनावर अवलंबून असलेल्या सणांची तारीख आयत्या वेळी बदलू शकते. परिपत्रकात तसं लिहिलेलंच असतं, आकाशवाणी-दूरदर्शनवर किंवा वर्तमानपत्रांत ऐकून-वाचून घ्या म्हणून. दिवाळीलाही अशीच सूट आहे. एखादं राज्य दिवाळीची सुट्टी फक्त नरक चतुर्दशीला देत असेल तर तिथल्या केंद्रीय कचेऱ्याही त्याच दिवशी बंद ठेवायला हरकत नाही.

मुंबईत तर तारीख शेजाऱ्यासाठीही हलली. १७ सप्टेंबर २०२४ ला अनंत चतुर्दशी होती. दोन मिरवणुका एकमेकींवर येऊ नयेत म्हणून मुसलमान संघटनांनी ईद-ए-मिलादचा जुलूस पुढे ढकलला, आणि राज्य सरकारने मुंबई शहर व उपनगरासाठी सुट्टी १६ वरून १८ वर नेली. २०२५ मध्ये पुन्हा तेच झालं. सण आपल्या तिथीला राहिला, फक्त सुट्टी सरकली. दोन्ही एकच नसतात हे यातून स्वच्छ दिसतं.

गैरसमज: सुट्टी हा हक्क आहे

जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर दादरा-नगर हवेलीचं प्रकरण आलं. २ ऑगस्ट हा पोर्तुगीजांपासून मुक्तीचा दिवस, त्याची सार्वजनिक सुट्टी बंद झाली, ती पुन्हा द्या, अशी मागणी होती. न्या. गौतम पटेल यांच्या खंडपीठाने सांगितलं की सार्वजनिक सुट्टी हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, उलट आपल्याकडे सुट्ट्याच जास्त आहेत. पण त्याच न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये त्याच प्रदेशाला गुड फ्रायडे पुन्हा राजपत्रित करायला लावला होता. प्रशासनाने तो ऐच्छिक यादीत ढकलला होता. आपल्या आवडीची सुट्टी मागता येत नाही, पण एका समाजाची चालत आलेली सुट्टी काढताना कारण विचारलं जातं, असा मी याचा अर्थ लावतो. वकिलांनी हवी तर दुरुस्ती करावी.

एरवी न्यायालयं यात पडत नाहीत. २२ जानेवारी २०२४, अयोध्येतली प्राणप्रतिष्ठा. केंद्राने दुपारी अडीचपर्यंत अर्धी सुट्टी दिली, महाराष्ट्राने पूर्ण दिवसाची. काही कायद्याच्या विद्यार्थ्यांनी महाराष्ट्राच्या निर्णयाला आव्हान दिलं. आदल्या दिवशी, रविवारी, खास सुनावणी होऊन याचिका फेटाळली गेली. दिल्लीत एम्सनेही अर्धा दिवस जाहीर केला होता. दुसऱ्याच दिवशी तो मागे घेतला गेला आणि बाह्यरुग्ण विभाग चालू राहिला. तारीख मिळवून परगावाहून आलेल्या रोग्याला पुन्हा कधीची तारीख देणार?

माझ्या मते खरी गडबड या ऐन वेळच्या सुट्ट्यांत आहे. वार्षिक यादी तरी एका सूत्राने चालते. ऐन वेळची सुट्टी मतांच्या वाऱ्यावर येते, आणि ती कुठल्याच एका धर्माची मक्तेदारी नाही. दिल्लीत छठची २०२४ ची सुट्टी पाहा. नायब राज्यपालांनी पत्र लिहिलं, मुख्यमंत्र्यांनी ७ नोव्हेंबर जाहीर केला, आणि पूर्वांचली मतदारांकडे पाहून कुणालाच नाही म्हणवेना. त्याच दिवशी त्याच शहरातल्या केंद्रीय कचेऱ्यांत छठ ऐच्छिकच होती. उलट २०१७ मध्ये उत्तर प्रदेशाने एका फटक्यात १५ सुट्ट्या रद्द केल्या. मुलांच्या शाळेचे दिवस वाया जातात, हे तेव्हाचं कारण. ते पटण्यासारखं होतं.

आंबेडकर जयंतीही केंद्राच्या त्या १७ मध्ये नाही, हे सांगितलं की मराठी माणूस चमकतो. १४ एप्रिलची सुट्टी दरवर्षी वेगळा आदेश काढून द्यावी लागते.

गैरसमज: राजपत्रित सुट्टी म्हणजे सगळ्यांना सुट्टी

मुळीच नाही. ती यादी सरकारी कचेऱ्यांची. बँकांना कलम २५. खाजगी आस्थापनांना राज्याराज्याचे दुकाने आणि कारखान्यांचे कायदे, आणि त्यांत तीन राष्ट्रीय सुट्ट्या हमखास. बाकीच्या किती आणि कुठल्या, हे राज्याचा कायदा आणि मालकाशी होणारं बोलणं यांवर ठरतं. गुडगावच्या काचेच्या इमारतींत अमेरिकेच्या कॅलेंडरवर चालणाऱ्या तुकड्या आहेत. त्यांना दिवाळीला लॉग-इन आणि ४ जुलैला मोकळीक. सोसायटीच्या फाटकावरच्या गार्डला आणि डबे पोचवणाऱ्या पोराला तर कुठलीच यादी नाही. सणाच्या दिवशी त्यांचं काम वाढतं.

यावर एक उपाय कागदावर येऊन गेला आहे. सहाव्या वेतन आयोगाने २००८ मध्ये सुचवलं होतं: बंद फक्त तीन राष्ट्रीय दिवशी, बाकी राजपत्रित सुट्ट्या काढून टाका, आणि ऐच्छिक दोनाच्या आठ करा. ज्याला जो सण हवा तो त्याने घ्यावा, कचेरी चालू राहावी. सरकारने ते मानलं नाही. कर्मचाऱ्यांनाही नकोच होतं, कारण सगळ्यांनी एकत्र घरी राहण्याची चव एकट्याच्या रजेला येत नाही, हे मीही कबूल करतो.

पण आठ मिळाल्या असत्या तर आमच्या घरातला एक तंटा टळला असता. दोन आरएचपैकी एक गणपतीला जायचा, त्यावर वाद नव्हता. दुसरा गुढीपाडव्याला घ्यायचा की भाऊबीजेला, यावर आम्हा दोघांत दर वर्षी फेब्रुवारीपासून जुंपायची. पाडवा आधी येतो म्हणून मी तो उरकून टाकायचो, आणि भाऊबीजेला मेहुणा पहाडगंजहून जेवायला यायचा तेव्हा मी कचेरीत असायचो.