भिंगाचा नंबर

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढूळ झालेले भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात, हे आता घरोघरी ठाऊक आहे. परंतु त्या भिंगाची शक्ती आधीच्या मोजणीवरून ठरते आणि रुग्णाला पुढे चष्म्याशिवाय कितपत दिसणार हे पुष्कळसे तिथेच ठरून जाते, याची जाणीव फारशी आढळत नाही. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १९४९ साली हॅरल्ड रिडली यांनी पहिले कृत्रिम भिंग बसवले तेव्हा शस्त्रक्रिया साधली, पण भिंगाची शक्ती फारच जास्त निघाली आणि रुग्णाला उणे १८ च्या घरातला नंबर लागला.

या मोजणीला बायोमेट्री म्हणतात. तीत मुख्यतः पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्याची, वक्रता आणि तिथून दृष्टिपटलापर्यंतची डोळ्याची लांबी मोजतात. ही लांबी सरासरी साडेतेवीस मिलिमीटर असते, आणि ती मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली तर नंबर सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरने चुकतो. ए-स्कॅन या ध्वनिलहरींच्या तपासणीत डोळा बधिर करणारा थेंब घालून पेन्सिलीसारखी सळई पारपटलाला टेकवतात. तंत्रज्ञाचा हात किंचित जड पडला तरी डोळा दबून आखूड मोजला जातो, परिणामी जास्त शक्तीचे भिंग निवडले जाते आणि रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर दूरचे धूसर दिसते. १९९९ च्या सुमारास आलेल्या प्रकाशकिरणांच्या यंत्राने हा स्पर्शच टाळला, कारण त्यात रुग्णाने हनुवटी टेकवून समोरच्या दिव्याकडे पाहिले की पुरते.

मात्र पूर्ण पिकलेल्या पांढऱ्या मोतीबिंदूतून हा प्रकाश पुरेसा आत जात नाही, त्यामुळे अशा डोळ्यासाठी पुन्हा ए-स्कॅनकडेच वळावे लागते आणि मागचा पडदा जागेवर आहे की नाही हे पाहण्यासाठी बी-स्कॅन ही डोळ्याची सोनोग्राफी करावी लागते. ‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा जुना सल्ला म्हणूनच आज सोडून द्यायला हवा. त्याने शस्त्रक्रिया अवघड होते, तशी मोजणीही.

कोरड्या डोळ्यांत अश्रूंचा थर विस्कळीत असल्याने वक्रतेचे आकडे दर वेळी वेगळे येतात, तर कॉन्टॅक्ट लेन्समुळे पारपटलाचा आकारच तात्पुरता बदलतो. चष्मा घालवण्यासाठी पूर्वी लेझर करून घेतलेल्यांच्या बाबतीत मोजणीवरून भिंगाची शक्ती काढण्याची नेहमीची सूत्रे फसतात, कारण पारपटलाच्या वक्रतेवर त्या सूत्रांनी बांधलेले अंदाज तिथे लागू पडत नाहीत. म्हणून मोजणीला जाताना जुने कागद सोबत न्यावेत, लेझर झाले असल्यास न विचारताही सांगावे, आणि लेन्स वापरणाऱ्यांनी त्या किती दिवस आधी काढायच्या हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.