अर्थ लावणें आणि नियम बदलणें

समाजाच्या मूळ नियमांचा नवा अर्थ लावणें म्हणजे ते नियम बदलणेंच नव्हे काय, असा प्रश्न पुष्कळदां विचारला जातो. आपल्या राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचा इतिहास पाहिल्यास या प्रश्नाचा उलगडा होण्यास साहाय्य होईल, असें आम्हांस वाटतें.

कायद्यानें घालून दिलेल्या पद्धतीवांचून कोणाचेंही जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेतां येणार नाहीं, असें हा अनुच्छेद सांगतो. १९५० सालीं गोपालन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें ठरविलें कीं, विधिमंडळानें रीतसर केलेला कायदा असला म्हणजे पुरे. पुढें १९७८ सालीं मनेका गांधी खटल्यांत त्याच न्यायालयानें सांगितलें कीं, ती पद्धत न्याय्य व वाजवीही असली पाहिजे. १९८५ सालीं मुंबईंतील पदपथांवर राहणाऱ्या गरिबांच्या खटल्यांत 'जीवित' या शब्दांत उपजीविकाही येते, असा निर्णय झाला. या पस्तीस वर्षांत अनुच्छेदाचें एक अक्षरही बदललें नव्हतें.

यावर कित्येकांचा आक्षेप असा कीं, अमेरिकेच्या घटनेंतील अधिक व्यापक शब्द घटनासमितीनें विचारपूर्वक वगळले होते. तेच न्यायालयानें मागल्या दारानें आंत आणले. हा आक्षेप हलका नव्हे. शब्द तेच राहिले म्हणून अर्थही तोच राहिला, असें आम्हांसही म्हणवत नाहीं.

तथापि दोहोंत भेद आहे. अर्थ लावणारा मूळ शब्दांनीं बांधलेला असतो. त्यास आपलीं कारणें उघडपणें मांडावीं लागतात, आणि पुढील न्यायपीठ तीं पारखून त्याज्यही ठरवूं शकतें. बदल करणारा मात्र शब्दच नवे लिहितो, म्हणून त्यास व्यापक संमति मिळवावी लागते. १९९३ सालीं उन्नीकृष्णन खटल्यांत न्यायालयानें चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांचा शिक्षणाचा हक्क २१ व्या अनुच्छेदांतूनच काढून दाखविला. हा अर्थ झाला. २००२ सालीं संसदेनें विशेष बहुमतानें ८६ वी घटनादुरुस्ती करून सहा ते चौदा वर्षांच्या बालकांसाठीं शिक्षणाच्या हक्काचा स्वतंत्र अनुच्छेद घातला. हा बदल झाला.

म्हणून कोणी नियमाचा नवा अर्थ सांगूं लागल्यास त्यास नम्रपणें विचारावें, "हा अर्थ नियमांतील कोणत्या शब्दावर उभा आहे?" शब्द दाखवितां आला, तर त्याचें म्हणणें शांतपणें तोलून पाहावें. न आल्यास तो अर्थ नसून बदल होय. आणि बदल इष्ट असला तरी तो बदल या नांवानेंच, सर्वांसमक्ष व्हावा.