डोळ्यातील रक्तवाहिन्या आणि रोहिण्यांचे काठिण्य

शरीराला कोठेही छेद न देता बारीक रोहिण्या आणि नीला स्पष्टपणे पाहता येतील अशी स्थाने फार थोडी आहेत. त्यांत डोळ्याच्या मागील भिंतीवरील दृष्टिपटलाला अग्रस्थान द्यावे लागेल. पूर्वी बाहुलीतून आत पाहू जाता केवळ काळोख दिसे; कारण पाहणाऱ्याचे डोकेच प्रकाशाच्या आड येई. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५१ साली नेत्रदर्शक यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ही अडचण दूर झाली.

या यंत्रातून दिसणाऱ्या लहान रोहिण्या उजळ तांबड्या व अरुंद असतात, तर नीला काळसर व रुंद असतात. निरोगी डोळ्यात त्यांच्या रुंदीचे प्रमाण साधारणपणे २:३ असते. मोठ्यात मोठ्या शाखेची रुंदीही मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासच भरते. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. निरोगी वाहिनीची भिंत पारदर्शक असल्यामुळे आपणांस वाहिनी दिसत नाही. दिसतो तो तिच्यातील रक्ताचा स्तंभ.

आता हृदयाकडे वळू. ते दिवसातून सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते. प्रत्येक ठोक्यासरशी महारोहिणी किंचित फुगते आणि लगेच पूर्ववत होऊन आतील रक्त पुढे लोटते. त्यामुळे हृदयातून धक्क्याधक्क्याने निघालेले रक्त लहान वाहिन्यांत संथपणे वाहते. परंतु रबराची दोरी वर्षानुवर्षे ताणली असता जशी विरते, तसे महारोहिणीच्या भिंतीतील लवचिक तंतू वयोमानाने झिजतात. त्यांची जागा ताठर तंतू घेतात आणि भिंतीत चुन्याचे क्षार साचतात. अशा ताठ नळीतून नाडीची लाट वेगाने धावते. तरुणपणी हा वेग सेकंदास ५–६ मीटर असतो. १० मीटरच्या वरचा वेग २०१२ पासून तज्ज्ञ धोक्याची खूण मानीत आले आहेत. रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो व खालचा पुष्कळदा उतरतो. हा न मावळलेला धक्का मेंदू, मूत्रपिंडे आणि डोळा यांच्या नाजूक वाहिन्यांपर्यंत पोचतो. त्याला तोंड देता देता त्यांच्या भिंती जाड होतात आणि आतील वाट अरुंद होते.

भिंत जाड झाली की तिची पारदर्शकता जाते. मग रोहिणी प्रथम तांब्याच्या व पुढे चांदीच्या तारेसारखी चकाकू लागते. जेथे रोहिणी नीलेस ओलांडून जाते तेथे दोघींचे बाह्य आवरण एकच असते; त्यामुळे कठीण झालेल्या रोहिणीखाली नीला चेपते आणि मध्येच तुटल्यासारखी भासते. ही खूण लंडनचे नेत्रवैद्य मार्कस गन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वर्णिली. १९३९ साली अमेरिकेत कीथ, वॅगनर व बार्कर यांनी रक्तदाबाच्या रुग्णांचे दृष्टिपटलावरून ४ वर्ग पाडले. प्रभावी औषधे नसलेल्या त्या काळात चौथ्या वर्गातील बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावत.

पुढे डोळ्याचे छायाचित्र घेऊन वाहिन्यांची रुंदी मोजण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेत १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या पाहणीत ज्यांच्या रोहिण्या नीलांच्या मानाने अरुंद होत्या त्यांना पक्षाघाताचा धोका अधिक आढळला. याच पाहणीत मानेतील रोहिणीचा ताठपणा आणि डोळ्यातील रोहिण्यांचे आकुंचन यांचाही संबंध दिसून आला.

तथापि केवळ प्रमाणावर विसंबणे बरे नव्हे. धूम्रपानाने किंवा मधुमेहाने नीला रुंदावली तरी प्रमाण बिघडते. रोहिणीचा त्यात काही दोष नसतो. शिवाय हा संबंध समूहात दिसतो. एखाद्या वृद्धाच्या महारोहिणीचा ताठपणा केवळ डोळ्यात पाहून आकड्यात सांगता येत नाही. दंडावरचा रक्तदाबमापक त्यामुळे निरुपयोगी होत नाही. २०१८ साली संगणकाने निव्वळ अशा छायाचित्रांवरून माणसाचे वय सरासरी ३ वर्षांहून थोड्या अधिक चुकीने ओळखले. वाहिन्यांत वयाची नोंद किती खोलवर उमटते ते यावरून दिसते.

मात्र ज्या वयात ही तपासणी विशेष उपयोगाची, त्याच वयात मोतीबिंदू आड येतो. भिंग धूसर झाले की छायाचित्रही धूसर येते आणि वाहिनीची कड नेमकी कोठे संपते ते ठरविता येत नाही. अशा वेळी मोतीबिंदू काढल्यानंतरच मोजमाप घेणे इष्ट ठरते.