लमेत्रनं खोडलेल्या ओळी

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केलं. विश्वाला आरंभ आहे असं आता खगोलशास्त्रच म्हणू लागलंय, तेव्हा निर्माता आहे हेही आलंच, असा त्याचा एकूण सूर. श्रद्धावंतांना याहून गोड काय वाटणार? पण अकादमीच्याच एका सदस्याला ते मुळीच रुचलं नाही. गंमत म्हणजे विश्वाच्या आरंभाची कल्पना मांडणारा शास्त्रज्ञ तोच, आणि वर कॅथलिक पाद्रीही तोच.

जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होता, १९२३ साली धर्मगुरू झाला आणि लगेच केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनकडे शिकायला गेला. १९२७ साली आइन्स्टाइनच्याच समीकरणांवरून त्यानं दाखवलं की विश्व प्रसरण पावतंय. आइन्स्टाइननं गणिताला मान डोलावली, त्यामागच्या भौतिकीला मात्र नाक मुरडलं. पुढे १९३१ साली ‘नेचर’मध्ये लमेत्रचं छोटंसं टिपण आलं: सगळं विश्व एका मूळ कणापासून निघालं असावं. या टिपणाच्या टंकलिखित प्रतीत शेवटी आणखी काही ओळी होत्या. देव मुळात दडलेलाच असतो आणि आजचं भौतिकशास्त्र सृष्टीच्या आरंभावर पडदाच टाकतं, याचं श्रद्धावंताला समाधान वाटावं, असा त्यांचा आशय. छापायला देण्यापूर्वी त्यानं त्यांच्यावर काट मारली.

मला लमेत्र उमगतो तो या खोडलेल्या ओळींत. पोप म्हणत होते, विज्ञानानं पडदा उघडला. हा म्हणत होता, पडदा आहे आणि असू दे. आणि एवढंसुद्धा शोधनिबंधात नको.

शिवाय व्यवहाराच्या बाजूनंही त्याचं बरोबर होतं. १९५१ साली विश्वाच्या आरंभाची, म्हणजे महास्फोटाची बाजू मुळीच जिंकलेली नव्हती. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांचा स्थिर स्थितीचा सिद्धांत १९४८ पासून तिच्यासमोर उभा होता. त्यात विश्वाला आरंभच नव्हता. पार्श्वभूमीचं सूक्ष्मलहरी प्रारण सापडून पारडं झुकलं ते १९६५च्या सुमारास. आपले जयंत नारळीकर हॉइलचे विद्यार्थी, आणि महास्फोटावरच्या शंका त्यांनी अखेरपर्यंत सोडल्या नाहीत. ते खरे ठरले असते, तर पोपच्या युक्तिवादातला देव अडचणीत आला असता. लमेत्रच्या प्रार्थनेत काही फरक पडला नसता. लमेत्रनं आपलं म्हणणं व्हॅटिकन वेधशाळेच्या प्रमुखांमार्फत पोपपर्यंत पोचवलं, असं सांगतात. सप्टेंबर १९५२ मध्ये रोमला जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे पोप पुन्हा बोलले, तेव्हा तो दावा त्यांनी उच्चारला नाही.

ही सावधगिरी काही युरोपची मिरास नव्हे. उदयनाचार्यांसारखे नैयायिक सांगत: घट आहे तर कुंभार आहे, तसं जग आहे तर त्याचा कर्ता आहे. हे अनुमान मोडून काढणाऱ्यांत रामानुजाचार्य आहेत, म्हणजे पक्के विष्णुभक्त! श्रीभाष्यात ते विचारतात, पृथ्वी, समुद्र वगैरे सगळं एकाच वेळी एकाच कर्त्यानं केलं हे कशावरून? कार्यं वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कर्त्यांकडून होताना दिसतातच की. देव कळतो तो शास्त्रावरून, तर्कानं नव्हे, ही त्यांची भूमिका.

मग पुराव्यावाचून श्रद्धा टिकते का? टिकताना दिसते. वारीला निघणारा विठ्ठलाच्या असण्याचा दाखला मागत नाही. तो त्याला घरातून, अभंगांतून, दिंडीतल्या सोबतीतून आधीच मिळालेला असतो. मला यात गैर वाटत नाही. फक्त हा अनुभव ज्याचा त्याचा. शेजाऱ्यावर तो लादायचा हक्क त्यातून मिळत नाही.

आणि श्रद्धेच्या नावानं कुणी जगाबद्दल दावा केला, की मात्र तपासणी आलीच. २००८ साली नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांच्या मदतीनं ज्योतिषाची चाचणी घेतली. शाळेत हुशार ठरलेली १०० मुलं आणि मतिमंद मुलांसाठीच्या शाळांतली १०० मुलं, अशा दोनशे कुंडल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या ४० दिल्या: कुठली कुणाची ते सांगा. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवून ५० आले असते. इथे ‘आमची श्रद्धा आहे’ हे उत्तर चालत नाही. पत्रिका घेऊन दारात आलेल्या बापाला देव आहे की नाही हे विचारायचंच नसतं. पोरगं शाळेत टिकेल का, एवढंच त्याला हवं असतं, आणि त्याचे तो पैसे मोजतो.