मुक्तस्रोत प्रणाली व तिची शिस्त

शेतकरी बंधूंस ठाऊकच आहे कीं, सन २०१८ पासून नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांत, ज्यास आपण ‘पोकरा’ म्हणतों, पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांतील गांवेंही घेण्यांत आलीं. पाऊस किती पडला, पाणी किती वाहून गेलें, जमिनींत किती मुरलें व पिकास किती लागलें, हा गांवाचा ताळेबंद मांडण्याची रीत मुंबईच्या आय.आय.टी. संस्थेनें बसवून दिली. हा हिशेब क्यूजीआयएस नांवाच्या, नकाशांचें काम करणाऱ्या संगणक-प्रणालीवर मांडला जातो. सन २००२ मध्यें सुरू झालेली ही प्रणाली कोणा एका कंपनीच्या मालकीची नाहीं. संगणकास दिलेल्या आज्ञांचा तिचा सर्व मजकूर कोणासही वाचतां येतो व त्यांत सुधारणा सुचवितां येते. अशा प्रणालीस मुक्तस्रोत म्हणतात.

येथें सहज शंका येते कीं, सर्वांसच मुभा, तर ही बारभाईंची शेती कां होत नाहीं? याचें कारण असें कीं, चांगल्या मंडळींत दोन गोष्टी आधीं ठरलेल्या असतात. एक हेतु व दुसरी रीत.

हेतु लेखी असावा लागतो. डेबियन नांवाची प्रणाली चालविणाऱ्या स्वयंसेवकांनीं सन १९९७ मध्यें आपला करारच जाहीर केला. प्रणाली कायम मुक्त राहील, तिचे दोष लपविले जाणार नाहींत, आणि वापरणाऱ्यांच्या गरजेस अग्रस्थान मिळेल, असें त्यांत नमूद आहे. पुढें मतभेद झाल्यास कोणाचा आवाज मोठा हें न पाहतां, ठरलेल्या हेतूस काय धरून आहे हें पाहतां येतें.

रीत कशी असते हें सातबाऱ्यावरून समजेल. सातबाऱ्यावर कोणासही परस्पर नांव चढवितां येत नाहीं. प्रथम गांव नमुना सहामध्यें फेरफार नोंदविला जातो, हितसंबंधितांस नोटीस जाते, हरकतीस पंधरा दिवस मिळतात, व अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित केल्यावरच सातबारा बदलतो. मुक्तस्रोत कामांतही असेंच आहे. बदल सुचविणारा कारण लिहितो, इतर लोक तपासून हरकती मांडतात, आणि विश्वासानें नेमलेले कारभारी मान्यता देतात. त्यांचें नमुना सहा म्हणजे ‘गिट’ होय. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीं तें सन २००५ मध्यें तयार केलें. कोणी, केव्हां, कोणती ओळ बदलली हें त्यांत राहतें, व चुकीचा बदल मागेंही घेतां येतो.

रीत ढिली पडली तर काय होतें, याचेंही उदाहरण आहे. ओपनएसएसएल या प्रणालीवर जगांतील पुष्कळशा संकेतस्थळांचा गुप्त व्यवहार अवलंबून होता; परंतु तिची निगा राखणारे हात अगदीं मोजके होते. सन २०१२ मध्यें प्रसृत झालेल्या आवृत्तींतील एक गंभीर चूक सन २०१४ च्या एप्रिलपर्यंत उघडकीस आली नाहीं. मजकूर सर्वांस वाचण्यास मोकळा होता, पण दुसरा कोणी वाचीत असेल असें जो तो समजला. सामाईक विहिरीचा गाळ असाच सांचत जातो. त्याच वर्षीं मोठ्या कंपन्यांनीं अशा प्रणालींच्या निगेसाठीं निधि उभारला.

यांत आपला संबंध काय? प्रणाली मुक्त असली तरी तिच्यांत भरलेले आंकडे बरोबर असतीलच असें नाहीं. आपल्या चिकण जमिनींत पाणी सावकाश मुरतें. ताळेबंदांत जमिनीचा प्रकार चुकीचा धरला गेल्यास मुरणाऱ्या पाण्याचा आंकडा फुगतो, आणि शेततळें घ्यावें कीं बांध, हा निर्णयही चुकतो. शेतकऱ्यानें आज्ञांचा मजकूर वाचण्याचें कारण नाहीं. पाऊस कोणत्या केंद्राचा धरला, जमीन कोणती धरली व हरकत कोणाकडे नोंदवावी, इतकें त्यानें विचारावें. ग्रामसभेंत ताळेबंद वाचला जाईल तेव्हां त्याची प्रत मागून घ्यावी आणि चूक दिसल्यास लेखी हरकत द्यावी. फेरफाराची नोटीस न वाचतां खुंटीस अडकवून ठेवणाऱ्याचें नुकसान कसें होतें, हें आपण पुष्कळदां पाहिलें आहे.