विश्लेषण : औषध घट्ट झाले, तर इंजेक्शनचे काय होते?

चाकण म्हटले की मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. पण याच पट्ट्यात एन्झीन बायोसायन्सेस ही कंपनी प्रतिपिंडांवर आधारित जैविक औषधे तयार करते. इंजिन ऑइलचा घट्टपणा इथल्या मेकॅनिकच्या रोजच्या बोलण्यातला. औषधाच्या घट्टपणाची मात्र रुग्णाला कल्पना नसते. इंजेक्शन घरी टोचता येईल की रुग्णालयात सलाइन लावून बसावे लागेल, हे बऱ्याचदा त्यावरच ठरते.

पिंपरीला हा प्रश्न नवा आहे का?

नाही. १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पेनिसिलिन बनवले. ही बुरशी टाकीत वाढते तेव्हा तिच्या तंतूंचे जाळे होते, द्रव लापशीसारखा दाटतो आणि आत हवा पोहोचवणे अवघड जाते. ढवळणीजवळ तो सैल, कडेला पुन्हा घट्ट! प्रथिनांच्या द्रावणात तंतू नसतात, तरी तेही घट्ट होते.

प्रथिनांचे द्रावण घट्ट का होते?

साखरेचा पाक एकतारीवरून दोनतारी होताना पाणी थोडेच आटते, पण धार पार बदलते. प्रतिपिंडांचेही तसेच. रेणूंची गर्दी वाढली की त्यांच्यावरचे विद्युतभार एकमेकांना ओढू लागतात. पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, साधारण १ सेंटिपॉइज असते. मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम प्रतिपिंड असेपर्यंत सहसा अडत नाही. १५० च्या आसपास काही द्रावणे १०० सेंटिपॉइजच्याही पुढे जातात. साध्या सिरिंजला २० पर्यंत झेपते.

मग औषध पातळच का देत नाहीत?

कारण त्वचेखाली एका वेळी साधारण एक-दोन मिलिलिटरच सहज मावते. इन्सुलिनला ही अडचण नाही. नेहमीच्या इन्सुलिनमध्ये मिलिलिटरमागे जेमतेम साडेतीन मिलिग्रॅम प्रथिन असते. प्रतिपिंडाचा रेणू त्याच्या सुमारे २५ पट जड, आणि मात्रा कधी कधी शेकडो मिलिग्रॅम. स्तनाच्या कर्करोगावरचे ट्रॅस्टुझुमॅब शिरेतून द्यायला पहिल्या वेळी ९० मिनिटे लागतात. तेच ५ मिलिलिटरमध्ये, त्वचेखालची जागा मोकळी करणाऱ्या विकरासह, दोन ते पाच मिनिटांत देता येते. सुई जाड करावी, तर दुखते. बारीक करावी, तर आतला व्यास निम्मा होताच तेवढ्याच वेगाला सोळापट दाब लागतो.

चाकणसारख्या ठिकाणी कस कुठे लागतो?

मूळ संशोधक कंपनी रेणूतच फेरबदल करू शकते. जैवसमान औषध बनवणाऱ्याला ती मुभा नाही. अमिनो आम्लांची साखळी मुळाबरहुकूम हवी. त्याच्या हाती उरतात आम्लता, क्षार, आर्जिनिनसारखे पदार्थ. शिवाय पडद्यातून पाणी काढून द्रावण दाट करताना पंपावर ताण येतो, प्रथिनांच्या गुठळ्या होऊ शकतात. अशा गुठळ्या शरीरात गेल्यास औषधाविरुद्धच प्रतिकार जागा होण्याचा धोका असतो. एन्झीनच्या यादीतले डेनोसुमॅब हाडांच्या ठिसूळपणासाठी सहा महिन्यांतून एकदा टोचतात: १ मिलिलिटरमध्ये ६० मिलिग्रॅम. हे त्यातल्या त्यात सोपे प्रकरण.

रुग्णाने काय पाहावे?

गारठ्यात ही द्रावणे आणखी घट्ट होतात. म्हणून डेनोसुमॅबसारखी भरलेली सिरिंज फ्रिजमधून काढून १५ ते ३० मिनिटे तशीच बाहेर ठेवायला सांगतात. गरम पाण्यात धरायची नाही, जोरात हलवायचीही नाही.