कुलूप लावले, ओढून पाहिले का?

घराबाहेर पडताना दाराला कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून पाहण्याची सवय बहुतेकांना असते. किल्ली फिरली एवढ्याने समाधान होत नाही. कुलूप खरोखरच लागले आहे याची हाताला खात्री हवी असते. संगणकांच्या जगात हे ओढून पाहण्याचे काम स्वयंचलित चाचण्या करतात. बँका, रुग्णालये, सरकारी कार्यालये आणि वृत्तपत्रे यांचे सर्व्हर दुरून हाताळण्यासाठी जे सुरक्षित मार्ग वापरले जातात, त्यांच्या दाराशी एक प्रोग्रॅम पहारा देत असतो. तो योग्य माणसाला आत घेतो का, हे तपासणे सोपे आहे. अयोग्य माणसाला तो प्रत्येक वेळी बाहेरच ठेवतो का, हे तपासणे अवघड आहे. गेल्या काही वर्षांतील मोठ्या चुका या दुसऱ्या प्रश्नाशी निगडित आहेत.

बोगदा कशासाठी?

इंटरनेटवरून जाणारी माहिती अनेक परक्या यंत्रांतून पुढे सरकत असते. ती उघडी असेल तर वाटेतील कोणीही ती वाचू शकतो. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर नेमके हेच घडले. नेटवर्कवर दबा धरून बसलेल्या एका प्रोग्रॅमने जाणारे-येणारे पासवर्ड टिपून घेतले. त्या काळी दूरच्या संगणकावर काम करण्यासाठी टेलनेटसारखी साधने वापरली जात आणि त्यांत पासवर्ड जसाच्या तसा तारेतून जाई. या घटनेनंतर त्याच विद्यापीठातील संशोधक तातू यल्योनेन यांनी एसएसएच ही पद्धत तयार केली. १९९९ मध्ये ओपनबीएसडी या प्रकल्पाने तिची मुक्त आवृत्ती, ओपनएसएसएच, जगापुढे आणली. आज लिनक्सवर चालणारे बहुतेक सर्व्हर याच प्रोग्रॅमद्वारे सांभाळले जातात.

या पद्धतीत दोन टोकांचे प्रोग्रॅम प्रथम एक गुप्त किल्ली ठरवतात, परस्परांची ओळख पटवतात आणि त्यानंतरची सारी माहिती त्या किल्लीने कूटबद्ध करून पाठवतात. वाटेतील माणसाला निरर्थक अक्षरांखेरीज काही दिसत नाही. या मार्गातून अन्य प्रोग्रॅमची वाहतूकही नेता येते. म्हणूनच त्याला बोगदा म्हणतात. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईसह देशभरातील कर्मचारी घरून कार्यालयाच्या यंत्रणेशी जोडले गेले, ते व्हीपीएन नावाच्या अशाच बोगद्यांतून.

बोगद्याच्या तोंडाशी बसलेल्या सर्व्हरची अडचण अशी, की ओळख पटण्यापूर्वीच त्याला प्रत्येक अनोळखी माणसाचे ऐकून घ्यावे लागते. साऱ्या जगातून कोणीही दार ठोठावू शकतो आणि वाटेल ते बोलू शकतो. त्या ऐकण्यात झालेली चूक म्हणूनच सर्वांत महाग पडते.

परीक्षा कशी घेतात?

अशा सर्व्हरच्या कोडमध्ये सतत बदल होत असतात. कूटबद्धतेच्या पद्धती, किल्ली ठरवण्याच्या पद्धती, ओळख पटवण्याचे प्रकार यांच्या एकत्रित जोड्या शेकड्यांनी भरतात. प्रत्येक बदलानंतर माणसाने बसून हे सारे तपासणे अशक्य असते. म्हणून सर्व्हरबरोबरच त्याची परीक्षा घेणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले जातात आणि प्रत्येक बदलानंतर ते आपोआप चालवले जातात.

अशी एक चाचणी साधारणपणे पुढीलप्रमाणे होते. संगणकावर एक तात्पुरती जागा तयार केली जाते. तेथे केवळ चाचणीपुरत्या किल्ल्या निर्माण केल्या जातात आणि एका रिकाम्या पोर्टवर सर्व्हर सुरू केला जातो. मग क्लायंट जोडला जातो, एक फाइल बोगद्यातून पाठवली जाते आणि पलीकडे निघालेली फाइल मूळ फाइलशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिली जाते. शेवटी सर्व्हर बंद करून सर्व खुणा पुसल्या जातात, म्हणजे पुढील चाचणीला कोरी पाटी मिळते.

याच्याही पुढे जाऊन एकाच यंत्रात संपूर्ण नेटवर्कचा देखावा उभा करता येतो. जेसन डोनेनफेल्ड यांनी तयार केलेला वायरगार्ड हा बोगदा मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत समाविष्ट झाला. त्याच्या चाचण्या एकाच संगणकात परस्परांपासून अलग अशी तीन नेटवर्क निर्माण करतात. दोघांत बोगद्याची दोन टोके असतात आणि तिसरे मधल्या उघड्या इंटरनेटची भूमिका वठवते. खऱ्या तारा न जोडता बोगद्याची कसोटी लागते.

चाचणी लिहिताना एक क्षुल्लक वाटणारी बाब फार त्रास देते. सर्व्हर सुरू करताच क्लायंटने दार ठोठावले, तर सर्व्हर अजून जागा झालेला नसतो आणि दोष नसताना चाचणी नापास होते. यावर पाच सेकंद थांबा, हा उपाय अनेक जण करतात. पण संथ यंत्रावर पाच सेकंद पुरत नाहीत आणि वेगवान यंत्रावर ते वाया जातात. पोर्ट उघडले का, हे ठरावीक मर्यादेपर्यंत पुनःपुन्हा विचारत राहणे हा योग्य मार्ग. कधी पास, कधी नापास होणाऱ्या चाचणीचा खरा धोका वेगळाच आहे. सतत खोटी ओरड करणाऱ्या घंटेकडे माणसे लक्ष देईनाशी होतात.

मेलेला पहारेकरीही ‘नाही’ म्हणतो

नकाराची चाचणी आणखी फसवी असते. चुकीचा पासवर्ड दिल्यावर प्रवेश मिळू नये, अशी चाचणी लिहिली आणि ती पास झाली, तर सर्व्हर सुरक्षित आहे असे वाटते. मात्र काही कारणाने सर्व्हर सुरूच झाला नसेल, तरीही प्रवेश मिळत नाही आणि चाचणी तशीच पास होते. प्रवेश नाकारला जाणे पुरेसे नाही. तो योग्य कारणासाठी नाकारला गेला, हे सिद्ध व्हावे लागते. म्हणून जाणकार अभियंते नकाराच्या प्रत्येक चाचणीला होकाराची जोड देतात. त्याच सर्व्हरने, त्याच वेळी, योग्य किल्ली आणणाऱ्यास आत घेतले पाहिजे आणि फक्त किल्ली बदलल्यावर त्याला परत पाठवले पाहिजे.

ओपनएसएसएचच्या चाचणीसंचात याचा चांगला नमुना आढळतो. त्यातील एक चाचणी दोन टोकांच्या मध्ये बसून वाहत्या माहितीतील एका बाइटमध्ये मुद्दाम बिघाड करते. असे झाल्यावर संपर्क तुटलाच पाहिजे. तो सुरळीत चालू राहिला, तर वाटेत केलेला फेरफार सर्व्हरच्या लक्षात आला नाही, असा अर्थ होतो आणि चाचणी नापास ठरते.

‘मला आत सोडले आहे’

पासवर्ड बरोबर असेल तर प्रवेश, चुकीचा असेल तर नकार, या दोन्ही चाचण्या असूनही दार सताड उघडे राहू शकते. ऑक्टोबर २०१८ मध्ये लिबएसएसएच या प्रोग्रॅम-संग्रहात उघडकीस आलेली त्रुटी याचे बोलके उदाहरण आहे. नावात साम्य असले तरी हा संग्रह ओपनएसएसएचहून वेगळा आहे.

नियमानुसार क्लायंट सर्व्हरला ‘माझी ओळख तपासा’ असा संदेश पाठवतो आणि ओळख पटल्यावर सर्व्हर ‘ओळख पटली’ असा संदेश परत पाठवतो. लिबएसएसएचवर आधारित सर्व्हरला मात्र क्लायंटनेच ‘ओळख पटली’ हा संदेश पाठवला, तर सर्व्हर तो मान्य करून त्याला आत घेत असे. पासवर्ड विचारलाच जात नसे. कार्यालयाच्या फाटकावर आलेल्या अनोळखी माणसाने ‘मला आत सोडले आहे’ असे स्वतःच सांगावे आणि पहारेकऱ्याने मान डोलवावी, तसाच हा प्रकार. २०१४ मधील ०.६ या आवृत्तीपासून ही त्रुटी होती, ०.७.६ आणि ०.८.४ या आवृत्त्यांत ती दूर झाली.

त्रुटी चार वर्षांहून अधिक काळ टिकली, कारण कोणताही प्रामाणिक क्लायंट असा संदेश कधीच पाठवत नाही. रोजच्या वापरात ती दिसण्याची शक्यताच नव्हती. संदेशांचा क्रम मुद्दाम बिघडवणारी, सर्व्हरच्या तोंडचे वाक्य क्लायंटच्या तोंडी घालणारी चाचणी लिहिली असती, तर ती पहिल्याच दिवशी नापास झाली असती.

त्याच २०१४ मध्ये अॅपलच्या फोन आणि संगणकांतही असेच काही उघडकीस आले होते. समोरच्या सर्व्हरची डिजिटल स्वाक्षरी तपासणाऱ्या भागात एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली. परिणामी शेवटची तपासणी वगळली जाऊन उत्तर मात्र ‘सर्व ठीक’ असेच येई. खरी स्वाक्षरी देणारी प्रत्येक चाचणी पास झाली असती. खोटी स्वाक्षरी देणारी एकच चाचणी पुरेशी होती.

वादळातून मिळालेली युक्ती

खोटे बोलणारे सारे संदेश माणसाला सुचतीलच असे नाही. त्यासाठी यंत्रालाच बेशिस्त वागायला शिकवले जाते. १९८८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्रा. बार्टन मिलर वादळी रात्री घरून फोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकावर काम करत होते. तारेतील खरखरीमुळे भलतीच अक्षरे जात होती आणि त्यांनी चांगले प्रोग्रॅम कोलमडत होते. त्यातून त्यांनी विद्यार्थ्यांना प्रकल्प दिला: प्रोग्रॅमना अर्थहीन अक्षरे पुरवा आणि काय होते ते पाहा. तपासलेल्या युनिक्स प्रोग्रॅमपैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश प्रोग्रॅम त्यापुढे टिकले नाहीत. ‘फझिंग’ या नावाने ही पद्धत आज रूढ झाली आहे.

तिचे महत्त्व एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ने अधोरेखित केले. ओपनएसएसएल या प्रोग्रॅम-संग्रहात क्लायंट थोडी अक्षरे पाठवून ‘ही ६४ किलोबाइट आहेत, तेवढीच परत करा’ असे सांगू शकत होता. सर्व्हर लांबी न मोजता शेजारच्या स्मृतीतील माहिती भरून उत्तर देई. त्यात पासवर्ड आणि गुप्त किल्ल्याही निघत. ही त्रुटी गुगलचे नील मेहता आणि फिनलंडमधील कोडेनॉमिकॉन या कंपनीतील अभियंत्यांनी स्वतंत्रपणे शोधली. नेटवर्क प्रोग्रॅमच्या चाचण्यांची साधने बनवणे हाच कोडेनॉमिकॉनचा व्यवसाय होता.

जुने दुखणे पुन्हा

चाचण्यांचा आणखी एक उपयोग स्मरणाचा असतो. एखादी चूक दुरुस्त केली की ती परत आल्यास ओरडणारी चाचणी मागे ठेवायची, हा या क्षेत्रातील शिरस्ता आहे. २००६ मध्ये ओपनएसएसएचमध्ये एक त्रुटी दुरुस्त झाली होती. ठरावीक वेळेत ओळख न पटवणाऱ्याचा संपर्क तोडताना सर्व्हर नको त्या क्षणी नको ते काम करत असे. ऑक्टोबर २०२० मध्ये कोडची फेररचना करताना ही दुरुस्ती नकळत वगळली गेली. १ जुलै २०२४ रोजी क्वालिस या कंपनीने ते जाहीर केले, तेव्हा ओळख न पटवताच सर्व्हरचा संपूर्ण ताबा मिळवणे शक्य असल्याचे स्पष्ट झाले. त्याच दिवशी ९.८ ही सुधारित आवृत्ती आली.

येथे चाचण्यांची मर्यादाही समजून घ्यावी लागते. ही चूक साधण्यासाठी क्षणाचा अचूक मेळ जमावा लागे. क्वालिसच्या तज्ज्ञांना सरासरी सुमारे दहा हजार प्रयत्न करावे लागले. अशी त्रुटी एक-दोनदा दार ठोठावून सापडत नाही. त्यासाठी त्या नाजूक क्षणी कोणती कामे करण्यास मनाई आहे, हे कोड वाचूनच पडताळणारी साधने लागतात. चाचणी त्रुटींचे अस्तित्व दाखवते, अभाव सिद्ध करत नाही, असा इशारा संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी फार पूर्वीच दिला होता.

पहारेकऱ्याच्या पिशवीत

चाचण्यांवरील विश्वासाचाही गैरफायदा घेतला जाऊ शकतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या संग्रहात चोरदरवाजा सापडला. काही लिनक्स वितरणांत एसएसएच सर्व्हर अप्रत्यक्षपणे हा संग्रह वापरत असे. घातक कोड लपवला होता तो चाचणीसाठी ठेवलेल्या ‘बिघडलेल्या’ फाइलींत. चाचणीची फाइल बिघडलेली असणारच, म्हणून तिच्याकडे कोणी संशयाने पाहिले नाही. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच जोडणीस सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले आणि हा कट उघड झाला. अचूकतेबरोबर वेळ मोजणेही परीक्षेचा भाग का असावे, याचे याहून चांगले उत्तर शोधून सापडणार नाही. चाचणीचा कोडही मूळ कोडइतक्याच बारकाईने वाचला गेला पाहिजे, हा त्यातील दुसरा धडा.

संगणकावर ‘अपडेट उपलब्ध आहे’ अशी सूचना येते तेव्हा अनेकदा तिच्यामागे अशीच एखादी सापडलेली त्रुटी आणि तिची दुरुस्ती असते. ती सूचना पुढे ढकलणे म्हणजे सापडलेली फट तशीच ठेवणे होय. सुरक्षित जोडणीची सेवा विकत घेणाऱ्या संस्थांनीही ‘तुमच्या चाचण्या पास होतात का’ असे विचारून थांबू नये. ‘कोणाकोणाला बाहेर ठेवून पाहिलेत’, हा प्रश्न विचारणे अधिक शहाणपणाचे ठरेल.